फाउंड्रीची ११ ईमेल खाती आणि दोन सर्व्हर: होस्टिंग बदलल्यानंतरचं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: "बुधवारपासून आमचा मेल बंद आहे."

ठिकाण कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. मध्यम आकाराची फाउंड्री, स्वतःच्या डोमेनवर ११ ईमेल खाती. सेल्स, परचेस, अकाउंट्स, क्वालिटी, डिस्पॅच, इन्फो ही सहा विभागांची आणि पाच माणसांच्या नावाची. ग्राहक बहुतेक पुणे-चाकण पट्ट्यातले. ड्रॉइंग, कोटेशन, परचेस ऑर्डर, टेस्ट सर्टिफिकेट सगळं मेलवरच चालतं. हा कारखाना नमुन्यादाखल घेतला आहे, पण त्यात आलेला एकेक बिघाड शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक ग्राहक एकाच सर्व्हरवर असतात तिथे, रोज कुठे ना कुठे घडतोच.

"बंद" या शब्दाने काहीच कळत नाही. म्हणून टेबलाटेबलावर जाऊन एकच विचारायचं: स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय? तेव्हा पाच वेगळी उत्तरं मिळाली. अकाउंट्समध्ये आउटलूक सारखा पासवर्ड मागत होता. सेल्सच्या तीन पीसींवर सर्व्हरशी संपर्कच होत नव्हता, "टाइम आउट" येत होतं. मालकांच्या मोबाईलवर खातं जोडलेलं, पण इनबॉक्स पांढरा फटक, जुना एकही मेल नाही. क्वालिटीवाल्यांनी जीमेलच्या पत्त्यावर पाठवलेले मेल परत येत होते. आणि वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्ममधून शनिवारपासून एकही चौकशी आली नव्हती. या शेवटच्या गोष्टीची तक्रार कुणी केलीच नव्हती, विचारल्यावर लक्षात आलं.

पाच लक्षणं म्हणजे एकच बिघाड नव्हे. इथे ते चार-पाच होते आणि एकमेकांना झाकत होते. एक दुरुस्त झाला की दुसरा दिसायचा, आणि ऑफिसात बोभाटा व्हायचा की "काल केलं ते परत बिघडलं."

मागची हकीकत अशी. जुन्या होस्टिंगची मुदत संपत आली होती. वेबसाइट सांभाळणाऱ्याने शनिवारी रात्री साइट नव्या कंपनीच्या सर्व्हरवर हलवली, नव्या सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमध्ये) त्याच नावांची ११ खाती उघडली आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधायच्या नोंदींत, साइटचं ए रेकॉर्ड (नावाचा पत्ता सांगणारी नोंद) नव्या आयपीवर, म्हणजे नव्या सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर, वळवलं. साइट नव्या सर्व्हरवरून उघडू लागली. मेलकडे बुधवारपर्यंत कुणी पाहिलं नाही.

आधी कोण कुणाकडे आहे ते लिहून काढा

ईमेलच्या कुठल्याही दुरुस्तीत पहिली दहा मिनिटं पॅनेलला हात लावायचा नाही. कागदावर तीन नावं लिहायची: डोमेन कुणाकडून घेतलंय, नेमसर्व्हर (डोमेनच्या डीएनएस नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर) कुणाचे आहेत, आणि मेलपेट्या कुणाच्या सर्व्हरवर आहेत. तिन्ही ठिकाणी एकच कंपनी असेल तर काम सोपं. इथे तसं नव्हतं. डोमेन एका रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे), नेमसर्व्हर त्याच रजिस्ट्रारचे, मेलपेट्या कालपर्यंत जुन्या होस्टिंगवर आणि आता नव्यावर.

यातला नेमसर्व्हरचा मुद्दा सगळ्यात जास्त वेळ खातो. नव्या सीपॅनेलमध्ये झोन एडिटर, म्हणजे डीएनएसच्या नोंदी बदलायचं पान, असतो. त्यात एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा ते सांगणारं), टीएक्सटी (नुसत्या मजकुराचं), सगळी रेकॉर्डं दिसतात, बदलता येतात, सेव्हही होतात. पण डोमेनचे नेमसर्व्हर दुसऱ्याचे असतील तर त्या झोनला बाहेरच्या जगात कुणी विचारत नाही. ते म्हणजे घरच्या कॅलेंडरवर रेल्वेचं वेळापत्रक बदलण्यासारखं आहे. या प्रकरणात दोन दिवस असेच गेले होते. नव्या झोन एडिटरमध्ये सात बदल केलेले सापडले, त्यांपैकी एकाचाही बाहेर परिणाम नव्हता.

तपासणी सोपी आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप ही डीएनएसला विचारणारी आज्ञा उघडायची, टाइप एनएस ठेवून डोमेन विचारायचं. जे नेमसर्व्हर दिसतील, त्यांच्याच मालकाच्या पॅनेलमध्ये काम करायचं. मग तसंच एमएक्स, ए आणि टीएक्सटी विचारायचं, आणि तोच प्रश्न गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक सर्व्हरलाही विचारायचा, म्हणजे ऑफिसच्या राउटरने जुनं उत्तर साठवून ठेवलंय का ते कळतं.

बुधवारी सकाळी चित्र असं होतं. एमएक्स रेकॉर्ड "मेल डॉट कंपनीचं डोमेन" या नावाकडे बोट दाखवत होतं, आणि ते मेल डॉट नाव जुन्या सर्व्हरच्या आयपीकडे. शनिवारी बदललं होतं ते फक्त साइटचं ए रेकॉर्ड. म्हणजे बाहेरून येणारे मेल शनिवार ते बुधवार जुन्याच सर्व्हरवर उतरत होते, आउटलूकही मेल डॉट याच नावाने जुन्या सर्व्हरशी बोलत होतं आणि सगळं बिनबोभाट चालू होतं. अडचण फक्त फॉर्मची होती.

फॉर्म साइटबरोबर नव्या सर्व्हरवर गेला होता. त्या सर्व्हरवर हे डोमेन "लोकल" म्हणून नोंदलेलं, सेल्स नावाची पेटीही तिथे आहेच. असा सर्व्हर एमएक्स विचारायला बाहेर जात नाही. माझ्याच घरचा पत्ता आहे म्हणतो आणि मेल स्वतःच्या पेटीत टाकतो. चार दिवसांच्या नऊ चौकशा तिथे सुखरूप पडून होत्या, फक्त ती पेटी कुणी उघडली नव्हती. ब्राउझरमधून वेबमेल, म्हणजे डोमेनच्या नावापुढे पोर्ट २०९६, उघडल्याबरोबर दिसल्या.

सीपॅनेलमध्ये हे ठरवणारं पान "ईमेल राउटिंग" नावाचं आहे. याच गोष्टीची उलटी बाजूही नेहमी भेटते. मेल झोहो किंवा गूगल वर्कस्पेसकडे नेलेला असतो, साइट सीपॅनेलवरच असते, आणि राउटिंग लोकलवरच राहून जातं. मग बाहेरच्यांचे मेल नीट येतात आणि स्वतःच्या साइटचा फॉर्म मात्र "नो सच यूजर हिअर" म्हणून अडतो. तिथे राउटिंग रिमोट करायचं, एवढंच.

बुधवारी काय झालं

वेबसाइटवाल्याच्या लक्षात आल्यावर त्याने रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये मेल डॉटचं ए रेकॉर्डही नव्या आयपीवर केलं. बदल बरोबर होता, पण त्याआधीची तयारी झालेली नव्हती.

टीटीएल, म्हणजे डीएनएसचं उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत, होता १४४०० सेकंद, म्हणजे चार तास. तेवढा वेळ कुणाला जुना पत्ता मिळत होता, कुणाला नवा. ऑफिसच्या वायफायवरचा मोबाईल जुन्या पेटीत, डेटावर गेला की नव्या. "प्रोपगेशनला (बदल सगळीकडे पोहोचायला) २४ ते ४८ तास लागतात" हे सपोर्टवाल्यांचं पाठ वाक्य आहे, पण ते सरसकट खरं नाही. ४८ तासांची गोष्ट नेमसर्व्हर बदलताना लागू होते, कारण डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद असतो. एखादं ए किंवा एमएक्स रेकॉर्ड बदललं तर त्या रेकॉर्डचा जुना टीटीएल संपेपर्यंतच थांबायचं. चार तासांचा टीटीएल आणि दोन दिवसांनंतरही जुनंच दिसतंय, तर ते प्रोपगेशन नव्हे, तुम्ही चुकीच्या पॅनेलमध्ये बदल केलाय.

नव्या पेट्यांचे पासवर्ड नवे होते आणि ते फक्त वेबसाइटवाल्याच्या वहीत होते. ११ खात्यांची मिळून सतरा-अठरा उपकरणं: पीसी, मोबाईल, एक स्कॅनर. सगळी जुना पासवर्ड घेऊन नव्या सर्व्हरच्या दारात उभी राहिली. शेअर्ड सर्व्हरवर अंदाजाने पासवर्ड मारणाऱ्यांना रोखायला पहारा असतो. ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड आला की तो आयपीच अडवतो. आणि ऑफिसच्या सगळ्या उपकरणांचा बाहेरचा आयपी एकच असतो. एकाच्या चुकीने सगळं ऑफिस बाहेर.

या अडवणुकीची खूण पक्की आहे. ऑफिसच्या वायफायवरून मेल तर नाहीच, स्वतःची वेबसाइटही उघडत नाही, सीपॅनेलही नाही. तीच साइट मोबाईल डेटावर चट्कन उघडते. असं दिसलं की आउटलूकच्या सेटिंगला हात लावू नका, दोष तिथे नाही. ऑफिसचा बाहेरचा आयपी काढा, अडचण सुरू झाल्याची वेळ लिहा, आणि दोन्ही घालून होस्टिंग कंपनीला तिकीट टाका: हा आयपी अडवलाय का, आणि कोणत्या खात्यावरून चुकीचे पासवर्ड आले. दुसरा प्रश्न विसरायचा नाही. नुसता आयपी सोडवून घेतला तर अर्ध्या तासात पुन्हा अडकतो, कारण चुकीचा पासवर्ड मारणारं उपकरण चालूच असतं.

इथे ते उपकरण क्वालिटीच्या लॅबमध्ये सापडलं. वापरातून गेलेला जुना अँड्रॉइड फोन, स्पेक्ट्रोमीटरशेजारी चार्जिंगला लावलेला, कारण त्यावर कुणीतरी गाणी ऐकायचं. त्यात क्वालिटीचं खातं जोडलेलं होतं आणि दर १५ मिनिटांनी तो जुन्या पासवर्डने दार ठोठावत होता. तोवर ऑफिसात एक समजूत रुजली होती की "राउटर बंद-चालू केला की मेल चालतो." चालायचाच. त्यांच्या ब्रॉडबँडला स्थिर आयपी नव्हता, राउटर बंद-चालू केला की नवा आयपी मिळायचा, आणि तोही थोड्या वेळाने अडकायचा.

आयपी सुटल्यावर सगळ्यांना नवे पासवर्ड देऊन खाती नीट बसवली. सेटिंग एकदा ठरवून कागदावर छापलं आणि प्रत्येक टेबलाला दिलं:

खात्याचा प्रकार आयमॅप (मेल सर्व्हरवरच राहतात तो). येणाऱ्या मेलचा सर्व्हर मेल डॉट कंपनीचं डोमेन, पोर्ट ९९३, एसएसएल.
जाणाऱ्या मेलचा सर्व्हर तोच, पोर्ट ४६५ एसएसएल. ते अडलं तर ५८७ स्टार्टटीएलएस.
यूजरनेम म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता, नुसतं "सेल्स" नव्हे.
जाणाऱ्या सर्व्हरलाही तेच यूजरनेम आणि तोच पासवर्ड.

चौथी ओळ जास्तीची वाटते, पण आउटलूकमध्ये जाणाऱ्या सर्व्हरची ओळखपडताळणी वेगळ्या खिडकीतल्या टिकमार्कवर असते आणि ती टिक राहून जाते. मग मेल येतो, जात नाही, आणि सर्व्हर ५५० कोडसह सांगतो की ५८७ वर पाठवायला ओळख पटवावी लागते. पोर्ट २५ वापरू नये. ते सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीचं आहे आणि कित्येक ब्रॉडबँड कंपन्या ग्राहकांच्या बाजूने ते बंदच ठेवतात.

"सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही" ही सूचना दोन पीसींवर आली. लोक तिथे "तरीही पुढे जा" दाबतात. खरं कारण असं की नव्या सर्व्हरने मेल डॉट नावासाठी सर्टिफिकेट अजून घेतलंच नव्हतं, कारण बुधवारपर्यंत ते नाव त्याच्याकडे येत नव्हतं. सीपॅनेलच्या एसएसएल स्टेटस पानावरून ऑटोएसएसएल (सर्टिफिकेट आपोआप घेणारी सोय) पुन्हा चालवल्यावर सूचना गेली. याच जातीची आणखी एक गोष्ट: डीएनएस क्लाउडफ्लेअरवर (डीएनएस आणि साइटची रहदारी सांभाळणाऱ्या सेवेवर) असेल तर मेल डॉटच्या रेकॉर्डसमोरचा ढग करडा हवा. नारिंगी असेल तर नाव क्लाउडफ्लेअरच्या आयपीकडे जातं, तिथून वेबची रहदारी पुढे जाते, आयमॅपची जात नाही.

डिस्पॅचच्या विंडोज ७ वरच्या जुन्या आउटलूकला मात्र काहीच लागू पडेना. ते टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीच्या पद्धतीची आवृत्ती) आपणहून बोलत नाही आणि नव्या सर्व्हरने जुन्या आवृत्त्या बंद केलेल्या. त्या पीसीवर तूर्त वेबमेल, आणि पुढे पीसी बदलणं, हाच उपाय. रजिस्ट्रीत खटपट करून चालवता येतं, पण सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या पीसीवर डिस्पॅचची चलनं बनवू नयेत. स्कॅनरचंही हेच दुखणं निघालं. त्याला "स्कॅन टू ईमेल" सोडून शेअर्ड फोल्डरवर वळवलं.

रिकामा इनबॉक्स

प्रकरणातला सगळ्यात घाबरवणारा भाग हा. पासवर्ड बरोबर पडला, खातं जोडलं, आणि आउटलूकमध्ये काल दिसणारे सहा वर्षांचे मेल डोळ्यांदेखत नाहीसे झाले.

आयमॅपमध्ये पीसीवर दिसतं ते सर्व्हरचं प्रतिबिंब. सर्व्हर बदलला, नव्या सर्व्हरची पेटी रिकामी, म्हणून प्रतिबिंबही रिकामं. मेल गेलेले नसतात, जुन्या सर्व्हरवर जसेच्या तसे असतात, जोवर तिथलं खातं जिवंत आहे तोवर. म्हणून जुन्या होस्टिंगची मुदत किती दिवस उरली हे त्याच क्षणी बघायचं. इथे नऊ दिवस होते. कमी असते तर आधी एका महिन्याचं नूतनीकरण करून मग बाकीचं. ते पैसे वाचवायचे नसतात.

पीओपीवाल्यांची, म्हणजे मेल सर्व्हरवरून पीसीवर उतरवून घेणाऱ्यांची, गोष्ट उलटी. अकाउंट्सचा पीसी पीओपीवर होता आणि त्याचे सगळे मेल पीसीवरच्या आउटलूकच्या पीएसटी फाइलमध्ये शाबूत होते. पण आउटलूकचं पीओपी सेटिंग मुळात १४ दिवसांनी सर्व्हरवरची प्रत काढून टाकतं. म्हणजे १४ दिवसांपेक्षा जुना सगळा पत्रव्यवहार, जीएसटीच्या नोटिसांसकट, जगात फक्त त्या एका हार्डडिस्कवर. फाइल होती १८ जीबीची. तिची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घेतली, मग खातं आयमॅप करून जुने मेल वर्षावर्षाच्या फोल्डरमध्ये सर्व्हरवर चढवले, तेही शेवटच्या दोन वर्षांचेच.

पेट्या हलवायला आयमॅपसिंक हे साधन वापरलं. ते दोन्ही सर्व्हरवर आयमॅपने शिरतं आणि जुन्यातला मेल नव्यात उतरवतं. मेलच्या हेडरवरून ओळख पटवतं, त्यामुळे तीनदा चालवलं तरी एकच मेल तीनदा येत नाही. तीन ठिकाणी लक्ष द्यावं लागलं.

जुन्या सर्व्हरचा पत्ता म्हणून मेल डॉट नाव द्यायचं नाही, कारण ते आता नव्याकडे जातं आणि साधन नव्यातून नव्यातच कॉपी करत बसतं. जुन्या सर्व्हरचं स्वतःचं होस्टनेम द्यायचं, ते होस्टिंग घेतानाच्या स्वागताच्या मेलमध्ये असतं. दुसरं, कोटा. नव्या पेट्या प्रत्येकी १ जीबीच्या बनवल्या होत्या आणि सेल्सची जुनी पेटी ७.४ जीबीची. सिंक १ जीबीला येऊन थांबलं आणि त्याबरोबर बाहेरचे नवे मेलही "मेलबॉक्स भरली" म्हणून परत जाऊ लागले, म्हणजे दुरुस्तीनेच नवा बिघाड. कोटा आधी वाढवायचा, आणि प्लॅनमध्ये जागेखेरीज फायलींच्या संख्येची मर्यादा आहे का तेही पाहायचं, कारण या सर्व्हरवर प्रत्येक मेल ही एक फाइल असते. तिसरं, फोल्डरांची नावं. एकीकडे "सेंट", दुसरीकडे "सेंट आयटम्स", आणि पाठवलेले मेल दोन ठिकाणी विभागले जातात. आधी ड्राय पर्यायाने, म्हणजे काहीच न हलवता, चालवून नावं बघितली की हे टळतं.

पाठवलेला मेल परत का येतो

परत आलेला मेल लोक न वाचता डिलीट करतात, आणि मग सांगतात "काहीतरी इंग्लिशमध्ये येतंय." उत्तर त्यातच असतं. त्यातला तीन अंकी आकडा ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती. पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा, सहसा चार-पाच दिवस, प्रयत्न करत राहतो. ५ ने सुरू होत असेल तर कायमचा नकार, मेल तिथेच संपला. म्हणूनच सर्व्हर काही तास बंद असण्यापेक्षा चुकीच्या सेटिंगचा चालू सर्व्हर जास्त घातक. बंद सर्व्हरचे मेल नंतर येतात, चालू सर्व्हरने "असा यूजर नाही" म्हटलं की परत फिरले ते फिरले.

क्वालिटीच्या परत आलेल्या मेलवर आकडा होता ५५० आणि ५.७.२६. जीमेल म्हणतंय, हा मेल खरंच या डोमेनचा आहे हे पटलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे कडक केलं. एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांपैकी निदान एक प्रत्येक पाठवणाऱ्याकडे हवं, आणि जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्क (या तपासणीत नापास मेलचं काय करायचं ती जाहीर सूचना).

एसपीएफ म्हणजे आमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची जाहीर यादी. डीएनएसमधलं एक टीएक्सटी रेकॉर्ड. जुन्या यादीत फक्त जुन्या सर्व्हरचा आयपी होता आणि शेवटी "मायनस ऑल", म्हणजे बाकी सगळे खोटे समजा. नव्या सर्व्हरवरून गेलेला प्रत्येक मेल स्वतःच्याच डोमेनच्या हुकमाने खोटा ठरत होता.

यावर केलेली दुरुस्तीही चुकली होती. जुनं रेकॉर्ड तसंच ठेवून खाली दुसरं एसपीएफ रेकॉर्ड घातलं होतं. एका डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड एकच चालतं. दोन असली की तपासणारा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. दुसरं काढलं, पहिल्यातच नव्या कंपनीने दिलेला "इन्क्लूड" (त्यांची यादी आपल्या यादीत घेणारा भाग) जोडला, जुन्याचा आयपी महिनाभर राहू दिला आणि शेवट "टिल्डे ऑल" (बाकीच्यांवर नुसता संशय घ्या) केला. इन्क्लूड वाढवत नेताना एक मर्यादा ध्यानात ठेवायची: एका एसपीएफ तपासणीत डीएनएसला जास्तीत जास्त १० वेळा विचारता येतं, आणि एका इन्क्लूडच्या पोटात आणखी तीन-चार असतात.

डीकेआयएमची चावी सीपॅनेलच्या "ईमेल डिलिव्हरेबिलिटी" पानावर तयारच होती. ते पान स्पष्ट सांगतं की या डोमेनचं डीएनएस आमच्या हातात नाही, ही ओळ उचलून तिकडे घाला. ती घातलीही होती, तरी तपासणी नापास. कारण रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये नावाच्या रकान्यापुढे डोमेन आपोआप जोडलं जातं. सीपॅनेलमधून पूर्ण नाव कॉपी केल्यामुळे रेकॉर्ड "डिफॉल्ट, अंडरस्कोर डोमेनकी, कंपनीचं डोमेन, पुन्हा कंपनीचं डोमेन" असं दुहेरी शेपटीचं झालं होतं. पॅनेलमध्ये ते नीटच दिसतं. एनएसलुकअपने पूर्ण नाव विचारलं की उत्तर येत नाही, तेव्हा कळतं. नावाच्या रकान्यात डोमेनच्या आधीचा भागच ठेवल्यावर काम झालं. २०४८ बिटची चावी लांब असते आणि टीएक्सटीच्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच बसतात. काही पॅनेल आपणहून तुकडे करतात, काही शेवट छाटून टाकतात. म्हणून सेव्ह केल्यावर चावीची शेवटची दहा अक्षरं ताडून बघायची.

मग डीमार्कचं रेकॉर्ड, "पी इज इक्वल टू नन" (नापास मेलला काही करू नका, फक्त कळवा) पासून. अहवाल मागवायचा पत्ता वेगळा ठेवला, कारण ते अहवाल एक्सएमएल फायलींचे असतात आणि रोज येतात. दोन-तीन आठवडे बघून कुणी खरा पाठवणारा सुटलेला नाही याची खात्री झाल्यावरच क्वारंटाइनकडे (नापास मेल स्पॅममध्ये टाका) जायचं. पहिल्याच दिवशी "रिजेक्ट" (नापास मेल नाकारा) लावणं हा हौसेचा मामला आहे. इथे अहवालातून निघालं ते टॅली. त्यात जुन्या सर्व्हरचा पत्ता भरलेला होता आणि बिलं अजून जुन्या वाटेने जात होती. जुना आयपी एसपीएफमध्ये ठेवला होता म्हणून ती पोहोचत होती, एवढंच.

खात्री करायला जीमेलच्या पत्त्यावर एक मेल पाठवून त्यात "शो ओरिजिनल" उघडायचं. वर तीन ओळी दिसतात: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. तिन्हींपुढे "पास" हवं.

दोन फुटकळ दुरुस्त्या याच ओघात झाल्या. चौकशी फॉर्म "प्रेषक" म्हणून भेट देणाऱ्याचाच पत्ता लावत होता, म्हणजे आमचा सर्व्हर दुसऱ्याच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवत होता, जे आता बरेच सर्व्हर स्वीकारत नाहीत. प्रेषक स्वतःच्या डोमेनचा, "रिप्लाय टू" मध्ये भेट देणाऱ्याचा, आणि पाठवणं पासवर्डसह एसएमटीपीने, म्हणजे आउटलूकसारखं जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरमार्फत. आणि मालकांनी इन्फो खातं स्वतःच्या जीमेलकडे फॉरवर्ड केलेलं होतं ते बंद केलं. फॉरवर्ड केलेल्या मेलला मूळ पाठवणाऱ्याचा एसपीएफ लागू पडत नाही, आणि इन्फोवर येणारं स्पॅम आपल्या सर्व्हरच्या नावाने जीमेलकडे जातं, मग जीमेल त्या सर्व्हरचे चांगले मेलही ४२१ सांगून रेंगाळवतं. मोबाईलच्या जीमेल ॲपमध्ये इन्फोचं खातं आयमॅपने थेट जोडता येतं.

मोठ्या ड्रॉइंगची तक्रार वेगळी होती: "२० एमबीची फाइल, मर्यादा २५ ची, तरी परत." मेलमध्ये फाइल अक्षरांत बदलून जाते आणि साधारण तिसऱ्या हिश्श्याने फुगते. २० ची २७ होते. त्यासाठी लिंक पाठवायची.

रजिस्ट्रारच्या खात्यात आणखी एक खोड निघाली. तिथला नोंदणीचा ईमेल याच डोमेनवरचा होता. मेल बंद असताना त्या खात्याचा पासवर्ड विसरला असता तर रीसेटचा मेल बंद पेटीतच गेला असता. तो पत्ता डोमेनबाहेरचा केला आणि खातं वेबसाइटवाल्याच्या नावावरून फाउंड्रीच्या नावावर घेतलं.

उरलेला एक

सोमवारपर्यंत सगळ्या टेबलांवर मेल येत-जात होता. मग परचेसची तक्रार आली: फक्त एकाचे मेल येत नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला पॅटर्न बनवणारा. त्याच्या बाजूने मेल पाठवला गेल्याचं दिसतंय, त्याला परत काही येत नाही, फाउंड्रीच्या स्पॅममध्येही नाही. त्याने जीमेलवरून पाठवला की लगेच पोहोचतो.

नव्या सर्व्हरवर "ट्रॅक डिलिव्हरी" मध्ये त्याच्या मेलची नोंदच नव्हती. म्हणजे तो मेल नव्या सर्व्हरच्या दारापर्यंत आलाच नव्हता, त्यामुळे फिल्टर, कोटा, स्पॅम हे सगळे प्रश्न बाद. त्याचं एमएक्स पाहिलं तर ते जुन्याच होस्टिंग सर्व्हरकडे जात होतं. दोघांच्या साइट एकाच माणसाने, एकाच रिसेलर प्लॅनवर (एक होस्टिंग घेऊन अनेक ग्राहकांना वाटायच्या प्लॅनवर) बसवलेल्या. जुन्या सर्व्हरच्या नोंदीत फाउंड्रीचं डोमेन अजून लोकल होतं, म्हणून शेजारच्या खोलीतला मेल तो बाहेर पाठवतच नव्हता, फाउंड्रीच्या जुन्या पेटीत टाकत होता. चार दिवसांच्या चौकशा गिळणाऱ्या फॉर्मचंच हे दुसरं तोंड.

जुन्या सीपॅनेलमध्ये ईमेल राउटिंग रिमोट केलं, पॅटर्नवाल्याला एक चाचणी मेल पाठवायला सांगितला, तो मिनिटभरात नव्या पेटीत उतरला. परचेसच्या जुन्या पेटीत त्याचे सहा मेल होते, दोन सुधारित दरपत्रकांसह. आयमॅपसिंक शेवटचं एकदा चालवून ते इकडे आणले आणि जुनं खातं मुदत संपायच्या दोन दिवस आधी बंद केलं.